पिल्लू झाल्यापासून ती माकडीण जवळ का येईना

दादा, तुमचा प्रश्न मी दोनदा नीट वाचला. थोडक्यात असा आहे की जुळे सोलापुरात तुमच्या घरामागं चिंचेची आणि कडुलिंबाची जुनी झाडं आहेत, तिथं लाल तोंडाच्या माकडांची टोळी येते, त्यातली एक माकडीण तुमच्या आईंच्या हातातून कडक भाकरीचा तुकडा घेऊन जायची, दोन वर्षं हे चाललं होतं, आणि मार्चमध्ये तिला पिल्लू झाल्यापासून ती जवळच येत नाही, दात दाखवते, दिवसभर काही ना काही खात असते, आणि दुसऱ्या माकडिणी तिचं पिल्लू ओढतात तरी गप्प बसते. आईंना वाटतंय ती आजारी आहे किंवा आपल्यावर रुसलीय.

आईंना आधी सांगा की ती आजारी नाही आणि रुसलेली तर अजिबात नाही. ती ओली बाळंतीण आहे. तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं बाळंत माकडिणीचं अगदी नेहमीचं वागणं आहे, फक्त आपण ते बाहेरून बघतो म्हणून विचित्र वाटतं.

मी मूळची सोलापूरचीच. एकवीस वर्षं माकडांच्या वागण्याच्या नोंदी करतेय, म्हणजे टोळीमागं वही घेऊन फिरायचं, एका वेळी एकच माकडीण धरायची आणि अर्धा तास दर मिनिटाला ती काय करतेय ते लिहायचं, खातेय, चालतेय, बसलीय, उवा काढतेय, पिल्लू अंगावर आहे की लांब, लांब असेल तर किती हात लांब. ऐकायला कंटाळवाणं वाटतं पण माकडांबद्दल आपल्याला जे खरं माहितीय ते बहुतेक अशाच वह्यांमधून आलंय. त्या वह्यांवरून एक गोष्ट मी खात्रीनं सांगू शकते, की बाळंतिणीचा अख्खा दिवस दोन हिशोबांवर चालतो, माझं पोट भरलं का आणि पिल्लू माझ्यापासून किती लांब आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या दोन हिशोबांत सापडतात.

आधी दातांचं घेऊ, कारण इथं लोकांची फार मोठी चूक होते. ओठ मागं ओढलेत, वरखालचे दात मिटलेले दिसतायत, आवाज नाही, नजर चुकवतेय, अंग आक्रसून घेतलंय, तर ती घाबरलेली आहे आणि "मी काही करत नाही, तुम्हीपण करू नका" असं सांगतेय. आणि तोंड गोल उघडलंय, भुवया वर गेल्यात, नजर थेट तुमच्या डोळ्यात, डोकं पुढं झटकलं, घशातून खर्रर्र आवाज आला, तर ती धमकी आहे, तेव्हा सरळ मागं सरकायचं, डोळ्यात बघायचं नाही. तुमच्या वर्णनावरून तुमची माकडीण पहिल्या प्रकारातली वाटतेय. आपण माणसं दात दिसले की एकतर हसली म्हणतो नाहीतर चिडली म्हणतो, तिसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही.

ती का घाबरते तेही सोपं आहे. पिल्लाआधी आईंच्या हातातली भाकरी घेताना तिला फक्त स्वतःच्या पळण्याचा विचार होता, झाड चार उड्यांवर आहे, काही झालंच तर गेले वर. आता पोटाला एक जीव चिकटलाय. या माकडांचं पिल्लू जन्मताना आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं असतं, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला पाच-साडेपाच किलोचं बाळ व्हावं आणि त्याच दिवशी ते पोटाला बांधून तिनं भिंतीवर चढावं, असं काहीसं. पहिल्या आठवड्यात तर पिल्लाची पकडपण पक्की नसते, त्यामुळं आई एक हात पिल्लाच्या पाठीला लावून उरलेल्या तीन हातापायांवर चालते. तुम्ही नीट बघितलं असेल तर तिची चाल लंगडल्यासारखी दिसली असेल, बरेच लोक वनखात्याला फोन करून सांगतात की माकडीण जखमी आहे, आणि जाऊन बघावं तर बाळंतीण.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चूक करून शिकले. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, सीनाकाठच्या एका देवळापाशी टोळी होती, तिथं चार दिवसांचं पिल्लू घेऊन एक माकडीण ओवरीच्या भिंतीवर बसलेली. ती मला ओळखायची, वर्षभर मी तिच्यासमोर बसून नोंदी केलेल्या, म्हणून मी फोटोसाठी तीन पावलं जास्त पुढं गेले. तिनं समोरच्या भिंतीवर उडी मारली आणि पिल्लाचा एक हात सुटला, ते तिच्या छातीच्या केसाला एकाच मुठीनं लोंबकळत राहिलं, खाली दगडी फरशी. तिनं उडी पुरी केली आणि मग हात लावला, पिल्लू वाचलं. पण त्यानंतर नऊ दिवस ती देवळाच्या त्या बाजूला उतरलीच नाही, मी वहीत रोज लिहित होते. वर्षभराची ओळख तीन पावलांत गेली. त्यानंतर बाळंतीण असली की मी माझं नेहमीचं अंतर सरळ दुप्पट करते, तुमच्या आईंनापण तेच सांगेन.

आता खाण्याचं, कारण सगळ्यात मोठा बदल इथंच होतो. माकडांचं दूध पातळ असतं, आपल्यासारखंच, चरबी आणि प्रथिनं कमी, साखर जास्त. ससा दिवसातून एकदा पिल्लाला पाजून निघून जातो कारण त्याचं दूध दाट असतं, माकडिणीला ते जमत नाही, तिचं पिल्लू दिवसभर थोडं थोडं पीत राहतं. आणि गाभण असताना जेवढं लागतं त्यापेक्षा अंगावर पाजताना जास्त लागतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना कुणी शिकवायला नको, बाळंतिणीला डिंकाचे लाडू उगाच देत नाहीत. फक्त माकडिणीला लाडू आणून देणारं कुणी नसतं, तिला स्वतःच चरायला जावं लागतं, तेपण पिल्लू घेऊन.

जीन ऑल्टमन म्हणून बाई आहेत, त्यांनी केनियाच्या अंबोसेलीत बबून माकडांच्या आयांवर काम केलं, तो प्रकल्प 1971 पासून चालू आहे. एकच माकडीण धरून नोंद करायची ती पद्धतपण त्यांनीच 1974 साली नीट मांडली, आम्ही सगळे तीच वापरतो. त्यांनी दाखवलं की तिथल्या आया दिवसाचा जवळपास तीन-चतुर्थांश वेळ नुसतं खाण्यात आणि खाण्याच्या शोधात चालण्यात घालवतात, आणि पिल्लू वाढेल तसा आईचा खाण्याचा वेळ वाढतच जातो कारण दूध जास्त लागतं आणि पिल्लाचं ओझंपण वाढतं. सहाएक महिन्यांनंतर अशी वेळ येते की दिवसात आणखी तास उरतच नाहीत, मग पिल्लानं स्वतः खायला शिकणं भाग पडतं. म्हणजे नोकरी आणि लेकरू दोन्ही एकाच वेळी, रजा नाही.

हा वाढीव वेळ ती आणते कुठून? रॉबिन डनबार यांनी इथिओपियात गेलाडा माकडांवर हे बघितलं होतं आणि मला ते आपल्या माकडांतपण दिसतं. आधी विश्रांती कापली जाते. दुपारी टोळी सावलीला पसरलेली असते तेव्हा बाळंतीण एकटीच उठून पाला ओरबाडत असते. एकमेकींच्या उवा काढायचा वेळ मात्र ती होता होईल तेवढा वाचवते. पहिल्यांदा मला वाटलं होतं की उलटं असेल, दमलेली बाई आधी गप्पा बंद करेल आणि झोपेल. पण टोळीत मैत्रिणी नसल्या तर पिल्लू टिकणं अवघड होतं, अंबोसेलीच्याच सोळा वर्षांच्या नोंदी जोन सिल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडल्या, त्यात ज्या माकडिणी दुसऱ्यांबरोबर जास्त मिसळून राहतात त्यांची पिल्लं वर्षाची होईपर्यंत जगण्याचं प्रमाण जास्त निघालं. तेव्हा उवा काढणं म्हणजे टाइमपास नाही, ती तिची भिशी आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे खाण्या-पिण्याचं गणित आणखी कडक होतं. लाल तोंडाच्या माकडांची पिल्लं बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात, म्हणजे दूध सगळ्यात जास्त पाजायचं तेव्हा बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. त्याच देवळापाशी गुरांसाठी दगडी हौद होता. एप्रिलच्या दुपारी टोळी खाली उतरायची, आधी मोठे नर, मग मोठ्या घरच्या माकडिणी, त्यांची पोरं. फाटक्या कानाची म्हणून एक माकडीण होती, पिल्लाआधी ती सरळ घुसायची आणि पाणी पिऊन निघायची. पिल्लू झाल्यावर ती पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसून राहायची, सगळे पिऊन झाले, कुत्रा कुठं आहे बघितलं, मी कुठं आहे बघितलं, मग उतरली, हौदाच्या काठावर एक हात टेकला, दुसरा हात पिल्लाच्या कुल्ल्याखाली, आणि तीन घोट घेतले की मान वर, परत तीन घोट की मान वर. आधी एकदा खाली वाकली की पोटभर प्यायची. तेवढंच पाणी प्यायला तिला आता तिप्पट वेळ लागायचा आणि तेवढा वेळ हौदाचा काठ रिकामा मिळणं म्हणजे नशीब. त्या महिन्यात तिचं अंग किती उतरलं होतं ते मला अजून आठवतंय, पाठीचा कणा मोजता यायचा.

पिल्लू ओढण्याचा तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण त्याचं उत्तर जातीवर आणि घराण्यावर अवलंबून आहे.

नवीन पिल्लू काळपट असतं, तोंड फिकं गुलाबी, टोळीतल्या सगळ्यांपेक्षा वेगळं, आणि माकडिणींना ते बघितल्याशिवाय राहवत नाही. येतात, ओठ चपचप वाजवतात, पिल्लाचा पाय ओढून वास घेतात. पण फुकट नाही. आधी आईच्या उवा काढायच्या, मग पिल्लाला हात लावायचा. बॅरेट आणि हेन्झी यांनी आफ्रिकेतल्या बबूनमध्ये हे मोजलं, टोळीत पिल्लं कमी असतील तर हात लावण्यासाठी जास्त वेळ उवा काढाव्या लागतात आणि पिल्लं भरपूर असली की भाव उतरतो, बाजार समितीत कांद्याचं होतं तसंच. आणि येणारी जर आईपेक्षा खालच्या दर्जाची असेल तर तिला जास्त वेळ द्यावा लागतो. त्यामुळं एरवी जिच्याकडं कुणी बघत नाही अशी माकडीणपण पिल्लू झालं की महिना-दोन महिने एकदम मानाची होते, तिच्या पाठीवर दिवसभर कुणाचे ना कुणाचे हात असतात.

ज्यांचा दर्जा वरचा आहे त्या मात्र विचारत नाहीत, सरळ ओढतात. या माकडांमध्ये मुली सहसा टोळी सोडत नाहीत, तरणे नर बाहेर जातात आणि बायका जन्मभर माहेरी राहतात. त्यामुळं आजी, आई, मुली, मावश्या अशी घराणी तयार होतात आणि प्रत्येक घराण्याचा टोळीत एक ठरलेला नंबर असतो. मुलगी आईच्या खालोखाल बसते, आणि गंमत म्हणजे बहिणींमध्ये धाकटी वरचढ ठरते कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते. आता खालच्या घराण्यातल्या माकडिणीचं पिल्लू वरच्या घराण्यातलीनं ओढलं तर ती करणार काय? उलट ओढलं तर पिल्लाचेच हातपाय ताणले जाणार, आणि भांडण झालं तर समोरचीचं अख्खं घराणं अंगावर येणार. म्हणून ती शेजारी बसून राहते, ओठ वाजवत, समोरचीच्या उवा काढत, आणि हात पिल्लापासून वीतभर अंतरावर. तुम्हाला ती गप्प बसलेली दिसली. मला खात्री आहे तुम्ही तिचा हात बघितला नाही. पुढच्या वेळी हात बघा, आणि पिल्लाची शेपटी तिच्या मुठीत आहे का तेपण बघा, बऱ्याचदा असते. पिल्लू परत मिळेपर्यंत ती खात नाही, एवढं एक चिन्ह पुरेसं आहे तिला फरक पडतो हे कळायला.

कधीकधी हे फार वाईट वळण घेतं. पिल्लू ओढून नेलं आणि नेणारीला दूध नाही, आईला परत घेता येत नाही, असं तास न् तास चाललं तर कोवळं पिल्लू उपाशी मरू शकतं. बॉनेट माकडांत, म्हणजे आपल्या याच लाल तोंडाच्या, डोक्यावर केसांचा भोवरा असलेल्या जातीत, जोन सिल्क यांनी कॅलिफोर्नियातल्या कळपात अशी पळवापळवी नोंदवलीय. तरी एकूण बघता आपली ही जात मवाळच म्हणायची, आया एकमेकींना चिकटून बसतात आणि ओळखीच्या हातात पिल्लू देतात. साठच्या दशकात रोझेनब्लम आणि कॉफमन यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता, दोन जातींच्या कळपातून आई काही आठवड्यांसाठी बाजूला काढली, तर डुक्करशेपटी माकडांची पिल्लं कोपऱ्यात मान घालून बसली आणि बॉनेटच्या पिल्लांना बाकीच्या बायकांनी उचलून घेतलं. प्रयोग क्रूर होता हे मी लिहिल्याशिवाय पुढं जाणार नाही, पण त्यातून कळलेली गोष्ट खरी आहे, आईचा शेजार कसा आहे त्यावर पिल्लाचं बरंच काही ठरतं.

याच्या अगदी उलट बघायचं असेल तर काळ्या तोंडाची वानरं बघा, तीपण आपल्या जिल्ह्यात आहेत. वानरिणीचं पिल्लू जन्मल्यापासून काही तासांतच दुसऱ्या बायकांच्या हातात जातं आणि आई आरामात पाला खायला जाते. मी एकदा अर्ध्या तासात एकच पिल्लू पाच जणींच्या हातून फिरताना लिहिलंय, आई तोपर्यंत दोन झाडं पलीकडं. तिथं घराण्याचा दर्जा एवढा कडक नसतो, म्हणून आईला भरवसा असतो की मागितलं की परत मिळेल. लाल तोंडाच्या आईला तेवढा भरवसा नाही म्हणून ती सहजासहजी सोडत नाही. लोक म्हणतात वानरीण बेफिकीर आणि माकडीण माया करणारी, मला हे अजिबात पटत नाही, दोघी आपापल्या टोळीच्या रीतीप्रमाणं शहाणपणानं वागतायत.

वानरिणीला वेगळी भीती असते. त्यांच्या टोळीत बऱ्याचदा एकच मोठा नर असतो, बाहेरून दुसरा येऊन त्याला हाकलतो आणि मग अंगावरची पिल्लं मारली जाऊ शकतात, कारण पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते. सुगियामा या जपानी संशोधकांनी हे धारवाडला नोंदवलं, साठच्या दशकात, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, नंतर जोधपूरला मोहनोत आणि माउंट अबूला सारा हर्डी यांनी. अशा दिवसांत वानरिणी पिल्लू कुणाला देत नाहीत, टोळीच्या कडेला राहतात, कधी जुन्या नराबरोबर निघूनपण जातात. तुमच्याकडं लाल तोंडाची टोळी आहे, त्यात नर बरेच असतात आणि पिल्लांच्या बाबतीत बऱ्यापैकी सहनशील असतात, तेव्हा ही काळजी तुम्ही करू नका.

तुम्ही लिहिलंय की तिचं हे पहिलंच पिल्लू असावं. ते ओळखायची सोपी खूण म्हणजे स्तनाग्रं, एकदा पाजलेल्या माकडिणीची लांब झालेली असतात आणि तशीच राहतात. पहिलटकरणीचं सगळंच जरा कच्चं असतं. मी पहिल्या दिवशी पिल्लू उलटं धरलेली बघितलीय, डोकं खाली, आणि पिल्लू ओरडतंय ते का हे तिला कळत नव्हतं, एक म्हातारी माकडीण येऊन शेजारी बसली, काही केलं नाही, नुसती बसली, आणि दुपारपर्यंत पिल्लू सरळ झालेलं होतं. पहिली पिल्लं जास्त दगावतात हेपण खरं आहे.

हार्मोनमुळं सगळं आपोआप होतं असं लोकांना वाटतं. ऑक्सिटोसिन, प्रोलॅक्टिन वगैरेचा वाटा आहेच, गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर पिल्लाची ओढ वाढते. पण माकडांत शिकण्याचा भाग मोठा आहे. हॅरी हार्लो या संशोधकांनी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ज्या माकडिणी आईशिवाय एकट्या वाढवल्या होत्या त्यांनी स्वतःचं पहिलं पिल्लू दूर लोटलं, काहींनी इजा केली, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच दुसऱ्या पिल्लाला सांभाळायला लागल्या. टोळीतल्या दोन-तीन वर्षांच्या पोरी दुसऱ्यांची पिल्लं सारखी मागतात, चुकीची धरतात, परत शिकतात, त्यांची ती शाळाच आहे, आणि पहिलं बाळंतपण साधारण चौथ्या वर्षी येतं तोपर्यंत हात बऱ्यापैकी तयार झालेला असतो.

टोळीलापण कोण कुणाचं हे पक्कं माहिती असतं. चेनी आणि सेफार्थ यांनी अंबोसेलीतच व्हर्व्हेट माकडांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. झुडपात स्पीकर लपवून एका पिल्लाची किंकाळी वाजवली, जवळ तीन आया बसलेल्या. पिल्लाच्या आईनं स्पीकरकडं बघितलं, आणि बाकी दोघींनी त्या आईकडं बघितलं.

आता पुढं काय होणार ते सांगते म्हणजे आईंना बरं वाटेल. पहिले काही आठवडे अंतर राखायचं काम आईच करते, पिल्लू दोन पावलं गेलं की पाय धरून मागं ओढते. हळूहळू हे उलटतं, आई निघून जाते आणि मागं पळायचं काम पिल्लावर येतं. रॉबर्ट हिंडे यांनी केंब्रिजजवळ ऱ्हीसस माकडांवर हे मोजून दाखवलं होतं. आई ढिली सोडणारी की धरून ठेवणारी हे बाईगणिक वेगळं असतं, आणि त्यात तिच्या दर्जाचा मोठा हात असतो, वरच्या घराण्यातलीला सोडायला परवडतं. पावसाळा सुरू झाला, झाडांना पालवी आली की तुमची माकडीण दुपारची थोडी बसायला लागेल आणि पिल्लू चिंचेच्या खालच्या फांदीवर दुसऱ्या पोरांबरोबर खेळायला लागेल.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास दूध तोडायची वेळ येते, कारण तेव्हा परत माजाचा हंगाम असतो. हा काळ बघायला सगळ्यात अवघड. पिल्लू तोंड लावायला येतं, आई हातानं बाजूला करते, ते परत येतं, ती पाठ फिरवते, मग पिल्लू जमिनीवर अंग टाकून किंचाळतं, आईच्या पाठीवर चापट्या मारतं, उड्या मारतं, आणि आई दुसरीकडं बघत बसते. पाच मिनिटांनी कधी घेते, कधी नाही. रात्री मात्र जवळ घेऊनच झोपते. दरवर्षी त्या महिन्यांत मला फोन येतात की माकडीण स्वतःच्या पिल्लाला मारतेय, काहीतरी करा. काही करायचं नसतं. तिचं अंग वर्षभरात खंगलेलं असतं आणि पिल्लाला पाला, शेंगा, किडे खाता येतात हे तिला कळलेलं असतं.

एक गोष्ट नको वाटते पण सांगून ठेवते. पिल्लू गेलंच तर आई ते मेलेलं पिल्लू एक-दोन दिवस, कधी जास्त, हातात घेऊन फिरते. माश्या हाकलते, केस विंचरते. जपानमध्ये ताकासाकियामाला 24 वर्षांच्या नोंदी आहेत, तिथं बहुतेकींनी आठवड्याच्या आत खाली ठेवलं. आपल्याकडं लोक दयेपोटी काठीनं ते काढून घ्यायला जातात, तसं कृपा करून करू नका, कुणाला करू देऊ नका. ती पळताना पडते, चावतेपण. ती स्वतः ठेवेल, मग पुरा.

आता तुमच्या घरापुरतं. भाकरी बंद करा, हे ऐकायला आईंना जड जाईल हे मला माहितीय, त्यांनी प्रेमानं दिलीय. पण बाळंतिणीची भूक एवढी असते की भाकरीच्या आशेनं ती कधीतरी भीती बाजूला ठेवून अंगणात उतरेलच, आणि तेव्हा तिच्या एका हातात पिल्लू असेल, बाजूला गल्लीतली कुत्री असतील, समोर रस्ता. शिवाय भाकरीवरून वरच्या घराण्यातल्या माकडिणी तिच्यावर धावून येणार, त्या झटापटीत पिल्लाचंच काहीतरी व्हायचं. झाडाचा पाला, लिंबाची फुलं, कच्च्या चिंचा ती वर बसून सुरक्षित खाते, तेच तिला खाऊ दे. पाणी मात्र जरूर ठेवा. जमिनीवर नको, मागच्या भिंतीवर किंवा टेरेसच्या कठड्यावर पसरट भांडं, आणि एकाऐवजी दोन भांडी, एकमेकांपासून दहा-पंधरा फूट लांब. एकच असलं तर वरच्या घराण्यातल्या अडवून बसतात, दोन असली की तिला एक मिळतं. भांडं ठेवलं की आईंना आत यायला सांगा, खिडकीतून बघू देत.

चुकून ओरखडा किंवा चावा झाला तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी जायचं, हळद लावून घरी बसायचं नाही. आणि पिल्लू खरंच एकटं पडलेलं, आई कुठंच नाही असं दिसलं तर आधी दोन तास लांबून थांबा, बहुतेक वेळा आई झाडावर तुमच्या जाण्याची वाट बघत असते. तरी आली नाही तर वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करा, स्वतः उचलू नका.

आईंना एक काम सांगा माझ्याकडून. त्यांची नजर चांगली दिसतेय, दोन वर्षं एकच माकडीण ओळखतायत म्हणजे साधी गोष्ट नाही. रोज सकाळी खिडकीत बसून दहा मिनिटं, पिल्लू तिच्या अंगावर आहे की लांब, लांब असेल तर किती हात, आणि तिच्या उवा कोण काढतंय, एवढं एका वहीत लिहायचं, तारखेसकट. दिवाळीला मी सोलापुरात आहे, ती वही घेऊन बसू आपण.